नंदाचे किडे, माझी शंका

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "कोण बोलतंय?" पलीकडून तिचा धाकटा भाऊ रामलिंग बोलत होता. आवाज ओळखीचा होता, नंबरही माझ्या फोनमध्ये त्याच्याच नावानं होता, तरी विचारलं. तो म्हणाला, "ताई, म्या रामलिंग. नंदाताई गेली." मग मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात नेलं होतं, कुणी तपासलं, किती वाजता, ईसीजी काढला का. तो बिचारा एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहिला. सुट्टीला गावी आली होती, सकाळी आंघोळ करून ओट्यावर बसली, छातीत दुखतंय म्हणाली, जीप दारात येईपर्यंत संपलं होतं... शेवटी तोच म्हणाला, "ताई, आता ठिवतो. माय एकटी बसलीय." तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की मी एका भावाची उलटतपासणी घेतेय. सांगायला लाज वाटते, पण मी अशीच आहे. दूध तापवण्याआधी त्याचा वास घेते. पाटी वाचून एसटीत चढते आणि वर कंडक्टरला विचारते, गाडी नक्की कुठं जाते. आणि मैत्रीण गेली म्हटल्यावर पुरावा मागते.

महानंदा तिचं पूर्ण नाव. उमरग्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते, ती प्राणिशास्त्र शिकवायची. ओळख मात्र त्याआधीची, विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहातली. मी धाराशिव शहरातली, चार बुकं शिकलेल्या घरातली, आणि ती वाशी तालुक्यातली, तेरखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. पहिल्याच दिवशी तिनं घरून आणलेला शेंगदाण्याचा लाडू पुढं केला आणि मी विचारलं, यात काय काय आहे? तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "इख हाय. खा," म्हणाली, अर्धा लाडू स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरलेला अर्धा माझ्या हातावर ठेवला. त्या संध्याकाळपासून माझं नाव फौजदारीण पडलं. पुढं दोघी एकाच कॉलेजात लागलो, माझं लग्न झालं, तिनं केलं नाही, पण दुपारचा डबा आम्ही कायम एकत्र खाल्ला. ती वर्गातही गावाकडचंच बोलायची. प्राचार्यांनी एकदा सुचवून पाहिलं की जरा प्रमाण भाषेत शिकवा, तर म्हणाली, "सर, बेडकाला समजतंय, पोरांना का न्हाय समजायचं?" किडे उचलायची प्लॅटिनमची बारीक तार तिनं एका रिकाम्या बॉलपेनच्या नळीत बसवली होती आणि ते पेन ती अंबाड्यात खोचून फिरायची. परीक्षेच्या काळात निम्मं कॉलेज तिला ते पेन मागायचं.

तिच्या किड्याविषयी सांगायलाच हवं, कारण सगळं त्याच्यावरून घडलं. हा एक सूत्रकृमी. लांबी जेमतेम एक मिलिमीटर, अंग काचेसारखं आरपार. तीन-चार दिवसांत अंड्यातून निघून स्वतः अंडी घालायला लागतो, त्यामुळं जगभरच्या प्रयोगशाळा भूक, म्हातारपण, मज्जातंतू अशा कितीतरी गोष्टींचा अभ्यास याच्यावर करतात. तिथं त्याला खायला एकाच जातीचा जिवाणू देतात, पिढ्यान्‌पिढ्या तोच. नंदाला हेच खटकायचं. "विमे, ह्ये म्हंजे मेसवरच जन्मलेलं पोरगं झालं," ती म्हणायची. "त्येला बघून घरचं जेवण काय करतंय ते कसं कळंल?" बाहेर, मोकळ्या जगात हा किडा कुजक्या फळांवर राहतो. तिथं डझनांनी जिवाणू त्याच्या तोंडावाटे आत जातात. काही पचतात, काही मात्र पोटात बिऱ्हाड करून राहतात. ही बिऱ्हाडं कुणाची, आणि ती घरमालकाचं भलं करतात की वाटोळं, एवढाच तिचा प्रश्न होता. त्यावर तिनं पंधरा वर्षं घालवली, अशा कॉलेजात की जिथं मायक्रोस्कोपचा बल्ब गेला तर सोलापूरहून आणावा लागतो.

दर शनिवारी ती एसटी बदलत बदलत गावी जायची. घरामागं, भावाच्या डाळिंबाच्या बागेच्या बांधाला, सीताफळाची झाडं होती आणि त्यांच्याखाली सडक्या फळांचा ढीग. त्यातलं चमचाभर ती डबीत घालून आणायची. गावात यावरून काय काय बोललं गेलं ते विचारू नका. सूत्रकृमी म्हटलं की आमच्या भागात शेतकऱ्याच्या पोटात गोळाच येतो, कारण डाळिंबाच्या मुळांना गाठी करतो तो सूत्रकृमीच. रामलिंगच एकदा तणतणत म्हणाला होता, "घरातच किडे पाळायलीस, उद्या बाग गेली तर कुणाकडं बघू?" शेजारच्या बागेत गाठी निघाल्या तेव्हा शेजारी बांधावर येऊन उभा राहिला आणि प्राध्यापकबाईंना बाहेर बोलवा म्हणाला. नंदानं एका रविवारी कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप गावी नेला, ओट्यावर मांडला आणि आळीतल्या सगळ्या बायकांना आपला किडा दाखवला. हा मुळं खात नाही, फक्त जिवाणू खातो, हे समजावलं. तिच्या आईनं, आम्ही तिला माय म्हणतो, बराच वेळ डोळा लावून बघितलं आणि म्हणाली, "ह्येच्या पोटातलं समदं दिसतंय की गं. माणसाचं असं दिसाय पाहिजे हुतं." शेजाऱ्याला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, पण तो बांधावर पुन्हा आला नाही.

मग तो उन्हाळा आला. लोडशेडिंग इतकं वाढलं की एकदा सलग दीड दिवस वीज नव्हती. किडे थंड ठेवणारा इनक्युबेटर बंद पडला आणि खोलीचा तवा झाला. वीज आल्यावर नंदानं प्लेट्स काढल्या... प्लेट म्हणजे खळीसारखा आगार ओतलेली काचेची झाकणवाली बशी, किडे तिच्यात राहतात. प्रयोगशाळेचे नेहमीचे किडे सगळे मेलेले. पण शेजारच्या प्लेटमध्ये सीताफळाच्या ढिगातून आणलेले, त्याच कुळातले किडे होते, ते निवांत वळवळत होते. माझं प्रॅक्टिकल चालू असताना ती आली आणि मला हाताला धरून ओढत घेऊन गेली. पुढचे काही महिने ती दुसरं काही बोलतच नव्हती. तिनं त्या गावरान किड्यांची अंडी ब्लीचच्या पाण्यानं धुतली. अशानं मोठे किडे विरघळतात, अंडी तगतात, आणि त्यांतून निघणारी पिल्लं कोऱ्या पोटाची असतात. या कोऱ्या पोटाच्या पिल्लांना फक्त प्रयोगशाळेचा जिवाणू दिला, तर तीही उष्णतेनं मेली. उलट बाजूनं, गावरान किड्याच्या पोटातला एक जिवाणू वेगळा काढून तिनं प्रयोगशाळेच्या साध्या किड्याला खाण्यात मिसळून दिला, तर तो जगला. म्हणजे ताकद किड्याची नव्हती, पोटातल्या बिऱ्हाडकरूची होती. त्या जिवाणूला ती आपल्या तालुक्यावरून वाशीकर म्हणायची.

आमच्या कॉलेजात एक छोटी संशोधन समिती आहे. कुठलाही लेख बाहेर धाडण्याआधी दुसऱ्या कुणी तरी तो प्रयोग करून बघावा, असा तिचा नियम. समितीची चिटणीस मीच. नंदा म्हणाली, "दुसरं कुणी नको, तूच कर. तुझ्याइतकं किचकट कोण तपासतंय? तू व्हय म्हणलीस तर जग व्हय म्हणंल." हे ती हसत म्हणाली, पण मला माहीत होतं, ती खरंच म्हणतेय. मी होकार दिला आणि माझ्या पद्धतीनं कामाला लागले. नंदानं त्या दिवसांत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही, अशी अट घातली. कुठल्या प्लेटमध्ये काय आहे ते मला कळू नये म्हणून चिठ्ठ्या लावायचं काम सलीमभाईंना दिलं. सलीमभाई आमचे प्रयोगशाळा परिचर, आमच्या दोघींपेक्षा जुने. माझ्या खोलीच्या खिडक्या हायवेकडं उघडतात. हैदराबादकडं जाणारे ट्रक दिवसभर धूळ उडवतात आणि धुळीतून काय येऊन पडेल याचा भरवसा नाही. मी खिडक्यांना ओली फडकी बांधली, काचसामान दोनदा भट्टीतून काढलं, दर प्लेटमागं हातमोजे बदलले, आगारमध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे जंतू मारणारं औषध बेतानं घातलं, मायक्रोस्कोपची बैठकसुद्धा स्पिरिटनं पुसली. किड्यांच्या नेहमीच्या खाण्याचा जो वाण आमच्याकडं आहे त्याला हे औषध बाधत नाही, बाहेरची घाण मात्र उगवत नाही. तशी रीतच आहे. मग अर्ध्या प्लेट्सवर नेहमीचं खाणं आणि अर्ध्यांवर त्यातच मिसळलेला वाशीकर, असं लावून इनक्युबेटर उन्हाळ्याइतका तापवला.

दोन्हीकडचे किडे सारखेच मेले. पुन्हा केलं, तेच. तिसऱ्यांदा केलं, तेच. आणि मग माझ्या मनानं जे सुरू केलं ते सांगायचा हा लेख आहे.

मी नंदाच्या आकड्यांची वही काढून बघितली. एकही खाडाखोड नव्हती. इतक्या वर्षांच्या कामात एकदाही हात चुकत नाही? ती किडे दुसऱ्या कुणाला उचलू का देत नाही? दर शनिवारी गावी का जाते, इथल्या कुजक्या पपया चालत नाहीत? तिच्या मोठ्या हसण्याचाही मला संशय यायला लागला. माणूस एवढं हसतो तेव्हा काही झाकत तर नसतो ना... मी सलीमभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "नंदा मॅडम स्वतःचे प्रयोग मोजताना चिठ्ठ्या आधी बघतात का?" सलीमभाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "मॅडम, ह्ये तुमी मला इचारू नका," म्हणाले. भल्या माणसानं दिलेलं ते उत्तर होतं. मला मात्र वाटलं, इथं नक्की पाणी मुरतंय.

समितीच्या कागदावर मी एकच ओळ लिहिली, परिणाम पुन्हा मिळाला नाही. ती ओळ खरी होती आणि तिच्यावर थांबले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण चहाच्या वेळी स्टाफरूममध्ये कुणी तरी विचारलं, मॅडमच्या लेखाचं काय झालं, आणि मी कप खाली न ठेवता म्हणाले, "आकडे जरा जास्तच सुबक आहेत." बास, एवढंच. सगळ्यांनी चहा संपवला. पण मुकाट ऐकलेलं वाक्य लांब जातं. ते दुसऱ्या कॉलेजात गेलं, धाराशिवला गेलं, कुणाच्या तरी लग्नात जेवणाच्या पंगतीत बसलं, आणि वर्षभरात नंदाच्या गावी पोचलं तेव्हा त्याचं झालं होतं, बाईनं खोटं संशोधन केलं म्हणून लेख परत आला.

पण हे नंतरचं; मी कागद लिहिला त्याच दिवशी नंदा माझ्या खोलीत आली. मी तयारीत होते, भांडण होईल असं धरूनच चालले होते. तिनं कागद वाचला. "तीनदा केलंस?" "तीनदा." "काय काय वापरलंस त्याची यादी दे की." मी दिली. तिनं यादी घडी करून पर्समध्ये ठेवली, "बरं" म्हणाली आणि लेख मागं घेतला. तिनं एका शब्दानं वाद घातला नाही, आणि माझ्या हिशेबी तोच पुरावा ठरला. खरं असतं तर ही बाई एवढी गप्प बसली असती का? डबा आम्ही तरीही एकत्रच खात होतो. तिच्या शेंगदाण्याच्या चटणीवर माझा हक्क तसाच होता. फक्त किड्यांचा विषय निघाला की मी भाकरीकडं बघायचे.

नंतरच्या काळात तिनं मला तीनदा विचारलं. "विमे, एकदा परत लाव की गं प्लेटा. माझ्या खोलीत लाव, माझ्या सामानावर." तिच्या खोलीत, तिच्या सामानावर... मला वाटलं, म्हणजे हवं ते घडवून आणता येईल. पहिल्यांदा मी परीक्षांचं कारण सांगितलं, दुसऱ्यांदा पाठीचं. तिसऱ्यांदा सरळच म्हणाले, "तुला माझ्याकडून काय वदवून घ्यायचंय?" तिनं माझ्याकडं बघितलं, मग डब्याच्या झाकणात चटणी वाढली आणि झाकण माझ्याकडं सरकवलं. परत कधी विचारलं नाही.

शेवटची भेट उमरग्याच्या स्टँडवर झाली. मी भाजी घेऊन येत होते, ती गावची गाडी पकडायला उभी होती. गाडीत पाय ठेवता ठेवता म्हणाली, "शनवारी माझ्या किड्यांना नव्या प्लेटवर टाक गं. न्हाय तर उपाशी मरत्यात." मी म्हटलं, सलीमभाई आहेत की. ती म्हणाली, "हाईत. पण तू टाक." कंडक्टरनं बेल दिली. मी रस्ताभर विचार करत होते, मीच का? शनिवारी मी गेले नाही, सलीमभाईंना निरोप दिला. मंगळवारी रामलिंगचा फोन आला.

तेराव्याला गेले तेव्हा मंडपात माणसं जेवत होती. मायनं मला आतल्या खोलीत बोलावलं. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते. मला जवळ बसवून तिनं हळू आवाजात विचारलं, "विमल, लोक म्हणत्यात माझ्या पोरीनं खोटं लिव्हलं. तू संगं व्हतीस. खरं सांग, तिनं लबाडी केल्ती का?" मी म्हटलं, "माय, मला माहीत नाही." "तुला म्हाईत न्हाय तर मग कुणाला असंल?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "कुणी उठिवलं गं ह्ये?" बाहेर वाढप्यांचे आवाज येत होते. मी मायच्या हातावर हात ठेवला आणि तोंड उघडलं नाही. ती समजली की मला दुःखानं बोलवत नाही. तिनं उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

परत आले आणि थेट नंदाच्या खोलीत गेले. कॉलेजला ती खोली रिकामी करून हवी होती, सामान बघायचं काम ओघानंच माझ्याकडं आलं. किडे जिवंत होते, सलीमभाई दर शनिवारी त्यांना नव्या प्लेटवर टाकत होते. मी वह्या काढल्या. एक गोष्ट कबूल करते, त्या वह्यांत मला खोटेपणा सापडावा अशी माझी इच्छा होती. सापडला असता तर मायच्या प्रश्नाचं उत्तर कठीण झालं असतं, पण मी सुटले असते. सापडल्या त्या कच्च्या वह्या, नुसत्या खाडाखोडीनं भरलेल्या. फसलेले प्रयोग, सांडलेल्या प्लेट्स, "आज हात थरथरतोय, मोजणी धरू नये" असे शेरे. मी पूर्वी बघितली होती ती पक्की वही होती, समितीसाठी सुवाच्य अक्षरात उतरवलेली. माझ्याच अटीप्रमाणं उतरवलेली.

टेबलावर, प्लेट्सच्या डब्याला टेकून, एक वही वेगळी ठेवलेली होती. शनिवारी किडे बदलायला येणाऱ्या माणसाच्या हाताला पहिली लागेल अशी. सलीमभाईंनी ती पुसून परत तिथंच ठेवली होती. तिच्यात माझी सामानाची यादी चिकटवलेली होती आणि स्ट्रेप्टोमायसिनखाली रेघ होती. लेख मागं घेतला त्याच आठवड्यात नंदानं माझ्यासारख्या प्लेट्स केल्या होत्या, तेच औषध घालून, आणि वाशीकर त्यांवर लावला होता. खाली लिहिलं होतं, "उगवत नाही. औषधानं मरतो. विमलच्या दोन्हीकडच्या प्लेटांत एकच जेवण होतं." म्हणजे धुळीच्या भीतीनं मी घातलेल्या औषधानं मी जे तपासायला बसले होते तेच आधी मारलं होतं. प्रयोगशाळेचा जिवाणू तगला, वर नीट पसरला, म्हणून मला काही वेगळं दिसलंच नाही. तीनदा मी किड्यांना तेच ते मेसचं जेवण वाढलं आणि नंदाचं घरचं जेवण खोटं ठरवलं. त्याखाली निळ्या शाईत होतं, "सांगावं का? सांगितलं तर म्हणंल निमित्त काढलं. तिनं तिच्या हातानं बघितल्याबिगर तिला पटायचं न्हाय." पुढं वेगवेगळ्या वेळच्या तीन नोंदी, "विमलला म्हटलं. नको म्हणाली."

यानंतर मी काय केलं असेल? मी शाई तपासली. हे पान मागाहून लिहून मला सापडावं म्हणून ठेवलं असेल का, असं मनात आलं, आणि मी भिंगाखाली अक्षरं बघत बसले. मेलेल्या मैत्रिणीचं अक्षर. थोड्या वेळानं भिंग खाली ठेवलं आणि रडले. पण शंका रडून जात नाही, निदान माझी जात नाही. म्हणून फ्रीजमधून वाशीकर काढला, तिच्या खोलीत, तिच्या सामानावर प्लेट्स लावल्या, काही औषध घालून, काही न घालता. चिठ्ठ्या सलीमभाईंनी लावल्या. इनक्युबेटर तापवला. दुसऱ्या दिवशी मी मोजलं, मग माझ्या मोजणीवर विश्वास नको म्हणून सलीमभाईंना मोजायला लावलं. चिठ्ठ्या उघडल्या. औषध नव्हतं आणि वाशीकर होता तिथले किडे जिवंत होते, बाकी सगळीकडचे मेलेले. सलीमभाई म्हणाले, "मला वाटलंच व्हतं. नंदा मॅडम त्या औषधाची बाटली ह्या खोलीत येऊच देत नव्हत्या." मी विचारलं, मग मला बोलला का नाहीत? ते म्हणाले, "तुमी कुणाचं ऐकून घेता काय, मॅडम?" आणि प्लेट्स धुवायला घेऊन गेले.

मी मायच्या गावी गेले. तेरखेड्यावरून जाताना दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकानं लागली होती, गाडीतली माणसं खरेदीच्या गप्पा मारत होती. माय ओट्यावर तूर निवडत बसली होती. मी समोर बसून तिला सगळं सांगितलं. तिनं मायक्रोस्कोपखाली किडा बघितलेला होता, त्यामुळं मला फार समजवावं लागलं नाही. सगळं ऐकून तिनं विचारलं, "म्हंजे तिचं जे व्हतं ते तूच मारलंस, अन् मग न्हाय म्हणलीस?" "व्हय, माय." "अन् लोकांत बोललीस ती बी तूच?" "व्हय." तिचे हात सुपात थांबले. बोटांत आलेला खडा तिनं अंगणात टाकला. मग म्हणाली, "तिला ठावं व्हतं?" "होतं." "तरी तुझ्यासंगं जेवायची?" "रोज." मायनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. "मग हात धू. वाढते," म्हणाली. जेवताना ती नुसती वाढत राहिली. निघताना मात्र दारापर्यंत आली. "जिथं जिथं बोललीस तिथं तिथं जाऊन सांग," म्हणाली. "मला सांगून काय व्हायचंय, म्या तर तिची माय हाय."

समितीला पत्र दिलं, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलले. पण माझं वाक्य कुठं कुठं गेलं ते मला माहीत नाही, कोणत्या पंगतीत, कोणत्या गाडीत. म्हणून इथं लिहितेय, ज्यांनी ते ऐकलं असेल त्यांच्यासाठी. महानंदानं आकडे बनवले नव्हते. तिचं काम खरं होतं. चूक माझी होती, आणि चुकीपेक्षा वाईट म्हणजे ते चहाच्या कपावरचं वाक्य माझं होतं. तिचा लेख आता तिच्या एकटीच्या नावानं जाईल, तपासणाऱ्याच्या जागी माझी सही असेल.

खोली रिकामी करायचं मी थांबवून घेतलं आहे. शनिवारी सकाळी मी तिथं जाते आणि तिचे किडे नव्या प्लेट्सवर टाकते. तारेवर एकेक किडा उचलायला मला वेळ लागतो, ती बोलता बोलता उचलायची. सलीमभाई दाराशी उभे असतात. आगार मी ओतला असेल तर ते आधी कपाटातल्या बाटल्या बघतात, मग माझे हात बघतात, आणि माझं झाल्यावर प्रत्येक प्लेटचं झाकण उचलून स्वतः खात्री करून घेतात. मी स्टुलावर बसून त्यांचं होईपर्यंत थांबते.